हिरकणी गडावर कशाला गेली होती?

आमच्या गटाचं दरवर्षी एक निवासी शिबिर होतं. विषय ठरतो, वक्त्या येतात, गटचर्चा होतात, शेवटी अहवाल लिहायचं काम कुणाच्या तरी गळ्यात पडतं. या हिवाळ्यात बैठकीत एक जण म्हणाली, "यंदा विषय नको, वक्ता नको, अहवाल नको. नुसतं फिरायला जाऊ." सगळ्या हसल्या, पण ते सगळ्यांच्याच मनात होतं. लोहगड ठरला. कारण सोपं होतं. पुण्याहून लोकलनं मळवलीला उतरायचं, भाज्याच्या रस्त्यानं चालत गायमुख खिंडीकडून लोहगडवाडी गाठायची, तिथून वर पायऱ्या. खर्च कमी, संध्याकाळी घरी परत. चौदा जणी निघालो. सगळ्यांत लहान वीस वर्षांची, सगळ्यांत मोठी त्रेसष्ट.

अहवाल लिहायचा नाही असं ठरलं होतं. तरी हे लिहिते आहे, कारण त्या एका दिवसात जे दिसलं ते आपल्या गटागटांत बोललं जायला हवं.

पहिली गोष्ट घरातूनच सुरू झाली. "गडावर? कशाला?" हा प्रश्न बहुतेकींना विचारला गेला. कुणाला नवऱ्यानं, कुणाला सासूनं, एकीला तर लग्न झालेल्या मुलानं. त्याच मावळात, लोहगडाच्या समोरच्याच डोंगरात, कार्ल्याची एकवीरा आहे. तिथं मुंबईच्या कोळणींपासून पुण्याच्या पेठांतल्या बायकांपर्यंत हजारो जणी दरवर्षी पायऱ्या चढतात. त्यांना "कशाला?" असं कुणी विचारत नाही. नवस आहे, ओटी आहे, कुळाचार आहे. देवीसाठी चढणारी बाई चालते. मुलाबाळांना घेऊन, डबे बांधून, सगळ्यांचं खाणंपिणं बघत चढणारीही चालते. बाई स्वतःला हवं म्हणून डोंगर चढते, वर बसून वारा खाते आणि खाली उतरते, एवढंच कारण मात्र पुरत नाही. आमच्यातल्या दोघींनी घरी "बचत गटाचं काम आहे" असं सांगितलं होतं. चळवळीत वीस वीस वर्षं घालवलेल्या बायका आपण, आणि एका दिवसाच्या मौजेसाठी आपल्यालाही कामाची थाप मारावी लागते.

दुसरी गोष्ट वाटेत घडली. लोहगडाची चढण अवघड नाही. बांधीव पायऱ्या आहेत आणि एकामागून एक चार दरवाजे लागतात : गणेश, नारायण, हनुमान आणि शेवटी महादरवाजा. वाट अशी वळत जाते की वरच्या बुरुजावरून खालचा प्रत्येक माणूस दिसावा. नारायण दरवाजाच्या अलीकडे आमच्यातली एक एकदम खाली बसली. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणाली. वय पंचेचाळीस, रोज दोन घरची कामं करून चार मजले चढउतार करणारी बाई. विचारलं तर कळलं, आदल्या संध्याकाळपासून तिनं जेमतेम अर्धा पेला पाणी प्यालं होतं. "मधे कुठं जायला मिळेल न मिळेल, म्हणून," ती म्हणाली. मग आम्ही एकमेकींना विचारलं. निम्म्याहून अधिक जणींनी तेच केलेलं. मीसुद्धा. ठरवून नव्हे, सवयीनंच. प्रवासाला निघायचं म्हटलं की बाईचा हात पाण्याच्या तांब्यापासून आपोआप मागे येतो.

पायऱ्यांच्या कडेला एक बाई काकडी आणि लिंबू सरबत घेऊन बसली होती. साठीच्या घरातली असेल. तिनं आमच्या मैत्रिणीला आपल्या कापडाच्या सावलीत बसवलं, मीठसाखर घालून सरबत दिलं, पदरानं वारा घातला. "बापयमाणूस न्हाई का कुणी संगं?" तिनं विचारलं. नाही म्हटल्यावर क्षणभर बघत राहिली आणि म्हणाली, "बरं केलं आलात." मैत्रिणीला का चक्कर आली ते कळल्यावर ती हसली. "आवं ताई, मी बी तेच करते. सकाळच्याला खाली पानी पिते, ते एकदम दिस कलल्यावर. हितं जायाचं कुठं? सगळीकडं माणसंच माणसं." दिवसभर दुसऱ्यांची तहान भागवणारी बाई स्वतः पाणी पीत नाही.

निघताना मी सहज विचारलं, "मावशी, विंचूकाटा इथून किती लांब?" म्हणाली, "लांब न्हाई म्हनत्यात. मी कवा गेली न्हाई. टोपलं कुनाकडं ठिवू?"

इतकी वर्षं रोज गड चढणाऱ्या या बाईनं गड पाहिलेला नाही.

आम्ही वर गेलो. गड सुंदर आहे, हे सांगायलाच हवं. तीन हजार चारशे फुटांवरचं ते पठार, त्यावरचा तो वारा. वायव्येला निघालेली विंचूकाट्याची लांब सोंड, खाली पवना धरणाचं पाणी, पलीकडे तुंग आणि तिकोना, शेजारी विसापूर. आमची त्रेसष्ट वर्षांची मैत्रीण विंचूकाट्याच्या टोकापर्यंत चालत गेली, बसली आणि अर्धा तास कुणाशी बोलली नाही. नंतर म्हणाली, "माझ्या आयुष्यात एवढा वेळ मला कुणी हाक मारली नाही असं पहिल्यांदाच झालं." सहल कशाला हवी, याचं उत्तर मला वाटतं एवढ्यात आलं.

वर एका टोळक्याला एक गृहस्थ इतिहास सांगत होते. आम्हीही कडेला उभ्या राहिलो. शिवाजी महाराजांनी गड घेतला, १६६५च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्यावा लागला, १६७० मध्ये परत घेतला. पुढे नाना फडणवीस, मग १८१८च्या मार्चमध्ये कर्नल प्रॉथर आणि इंग्रज. सांगत होते छान. पण तासाभराच्या त्या गोष्टीत एकही बाई आली नाही.

आता याच गडावरची एक बाई सांगते. नाना फडणवीस मार्च १८०० मध्ये वारले, तेव्हा ते ५८ वर्षांचे होते. त्यांच्यामागे राहिलेली बायको जिऊबाई अगदी कोवळ्या वयाची पोर होती. पुण्यात तिला सुरक्षितता उरली नाही आणि तिनं लोहगडाचा आसरा घेतला. गडाचे किल्लेदार धोंडोपंत नित्सुरे हे नानांचे विश्वासू. पुढे जनरल वेलस्लीच्या दबावानं आणि मध्यस्थीनं गड धोंडोपंतांच्या हातून गेला. जिऊबाईला इंग्रजांच्या संरक्षणात पनवेलला राहण्याची मुभा आणि सालिना बारा हजार रुपयांची नेमणूक मिळाली. पनवेलला तिला भेटलेल्या लॉर्ड व्हॅलेंशिया या इंग्रज प्रवाशानं तिच्याबद्दल काय नोंदवलं? ती गोरी आहे, देखणी आहे, वय सतराच्या आसपास. आपला आश्रय कुणी काढून घेतला, कुणी कुणाशी सौदा केला याबद्दल त्या मुलीचं काय म्हणणं होतं, हे विचारावं असं तिच्या रूपाची नोंद करणाऱ्याला वाटलं नाही. गडाच्या गोष्टीत नानांचा खजिना येतो, नानांची बाव येते. नानांची विधवा येत नाही.

त्या बावेवर शिलालेख आहे. शके १७११, म्हणजे १७८९ साली, बाळाजी जनार्दन भानू यांनी धोंडोपंत नित्सुरे यांच्याकडून ही बाव बांधून घेतली, असं त्यात आहे. बांधणाऱ्या कारागिराचंही नाव आहे. कारागिराचं नाव कोरलं, हे चांगलंच झालं. पण याच मावळात, कामशेतजवळच्या बेडसे लेण्यात, एका पाण्याच्या टाक्यावर त्याहून कितीतरी जुना ब्राह्मी लेख आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. ते टाकं समदिनिका नावाच्या बाईचं दान आहे. महाभोजाची मुलगी, महारठिणी, अपदेवणकाची बायको, अशी तिची ओळख त्यात दिली आहे. ओळख बापाची आणि नवऱ्याची आहे हे खरं, पण तिचं स्वतःचं नावही आहे, आणि पाण्याचं दान तिचं आहे. कार्ल्याच्या लेण्यात तर दान देणाऱ्या भिक्खुणींची नावं कोरलेली आहेत. त्यांतली एक कोडी. घुणिकाची आई ही तिची ओळख त्या दगडावर आहे. म्हणजे या डोंगरांत बाया नव्हत्या असं नाही. त्यांची नावं दगडावर आहेत. ती आपल्या तोंडी आली नाहीत, एवढंच.

गडांच्या गोष्टींत सगळ्यांच्या तोंडी असलेली बाई एकच, आणि तीही लोहगडची नव्हे, रायगडची. हिरकणी. ही दंतकथा आपण सगळ्या शाळेत शिकलो. दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, आई कडा उतरून गेली. आईच्या मायेची गोष्ट म्हणून ती सांगतात. एसटीनं आपल्या गाडीला तिचं नाव दिलं, बाळाला पाजण्यासाठी केलेल्या खोल्यांना हिरकणी कक्ष म्हणतात. माझी त्याला हरकत नाही. पण त्या गोष्टीच्या सुरुवातीला एक वाक्य असतं आणि आपण ते घाईनं ओलांडतो. हिरकणी गडावर कशाला गेली होती? दूध विकायला. ती कष्टकरी बाई होती. बाळंतपण होऊन फार दिवस झाले नसताना माल घेऊन गड चढत होती. तिच्या दुधावर गड चालत होता, पण दरवाजा बंद करायची वेळ ठरवताना तिला कुणी विचारलं नव्हतं. तिला जिवावर उदार व्हावं लागलं, कारण व्यवस्थेत तिच्यासाठी जागाच नव्हती. आपण तिच्या धाडसाचा बुरूज दाखवतो. तिला धाडस करावं लागलं याची लाज कुणाला वाटत नाही.

आणि आजची हिरकणी? ती लोहगडाच्या पायऱ्यांवर काकडीचं टोपलं घेऊन बसली आहे. उद्या ती तिथं असेल का, हा खरा प्रश्न आहे.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. लोहगड त्या अकरांत आहे. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. त्याआधी, जानेवारी २०२५ मध्ये, राज्य सरकारनं गडकिल्ल्यांवरची अतिक्रमणं काढण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समित्या नेमल्या आणि ३१ मेपर्यंतची मुदत घातली. गडावर कुणी पक्की बांधकामं केली असतील तर ती काढलीच पाहिजेत, यात वाद नाही. पण 'अतिक्रमण' हा शब्द फार सैल आहे. सिमेंटचा बंगला आणि चार बांबूंवरचं कापड एकाच शब्दात बसतात, आणि पथक आलं की पहिलं कापड उचललं जातं, कारण ते उचलायला सोपं असतं. बंगल्याला वकील असतो.

शहरात फेरीवाल्यांसाठी २०१४चा कायदा आहे. तो पूर्ण राबवला जात नाही, पण निदान आहे. नगर पथविक्रेता समितीत फेरीवाल्यांचे प्रतिनिधी असले पाहिजेत आणि त्यांत एक तृतीयांश बायका, असं तो सांगतो. सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणाला उठवू नये असं बंधन त्यात आहे. पण हा कायदा शहरांपुरता आहे. गडाच्या पायरीवर बसणारी बाई ग्रामपंचायतीच्या हद्दीतली, म्हणजे त्या कायद्याच्या बाहेरची. लोणावळ्याच्या बाजारात चिक्की विकणारीला निदान कागदावर हक्क आहे. तिथून थोड्याच अंतरावर गडावर ताक विकणारीला कागदसुद्धा नाही.

स्वच्छतागृहाचंही असंच झालं आहे. पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी'नं मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयानं महापालिकांना बायकांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं देण्याचे आदेश दिले आणि हा प्रश्न सन्मानानं जगण्याच्या हक्काशी जोडला. मुंबईत 'राइट टू पी'च्या मैत्रिणींनी हाच प्रश्न लावून धरला. हे आपल्या चळवळीचं मोठं काम आहे. पण तेही महापालिकेच्या हद्दीवर येऊन थांबलं. शहरातली बाई हद्द ओलांडून गडावर गेली की तिचा हक्क मागे राहतो, आणि गावातल्या बाईपर्यंत तर तो पोचलेलाच नसतो.

यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं : संरक्षित वास्तू आहे, शंभर मीटरच्या आत बांधकामाला बंदी आहे, कायदा आडवा येतो. मैत्रिणींनो, हे उत्तर ऐकून परत फिरू नका. प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली आणि वास्तूभोवतीचा शंभर मीटरचा पट्टा बांधकामाला बंद झाला, हे खरं आहे. पण त्याच दुरुस्तीत 'बांधकाम' म्हणजे काय याची व्याख्या आहे, आणि सार्वजनिक शौचालयं, मुताऱ्या, गटारं आणि लोकांना पाणी पुरवण्याची कामं त्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळलेली आहेत. खुद्द वास्तूला हात लावायला कुणीच सांगत नाही. पण भोवतीच्या पट्ट्यात, जिथून वाट सुरू होते तिथं, पाणी आणि स्वच्छतागृह करायला कायदा अडवत नाही. अडवते ती इच्छा. हे कलम कागदावर लिहून घ्या आणि निवेदनाला जोडा.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. उतरताना चार पोरांनी आमच्यातल्या विशीतल्या मुलीला अडवलं. तिनं गुडघ्यापर्यंतची विजार घातली होती. "ताई, गडाचं पावित्र्य राखा," असं हात जोडून, नम्रपणे म्हणाले. त्यांच्या पायांशी चिप्सची रिकामी पाकिटं पडली होती. आमची मुलगी तिथंच खाली वाकली, ती पाकिटं गोळा केली आणि स्वतःच्या पिशवीत टाकली. बोलली काहीच नाही. पोरं ओशाळली असतील, नसतीलही. पण पावित्र्याचा हिशोब मुलीच्या कपड्यांवर आणि ती कुणाबरोबर बसली आहे यावर का लावायचा? महाराजांच्या राज्यात बाईची अब्रू सुरक्षित होती, असं आपण अभिमानानं सांगतो. ते खरं मानायचं, तर बाईला गडावर निर्भयपणे वावरता आलं पाहिजे. तिच्यावर पहारा ठेवणं हा त्याचा अर्थ नव्हे.

मला जे म्हणायचं आहे ते एवढंच. मौजेसाठी चढणारी बाई आणि पोटासाठी चढणारी बाई यांच्यात आपण नकळत भिंत उभी करतो. एक पर्यटक, दुसरी अतिक्रमण. शहरातल्या काही मैत्रिणीही म्हणतात, "गड किती घाण झालाय, ही दुकानं हटवली पाहिजेत." पण त्या दिवशी दोघी तहानलेल्या होत्या, आणि कारण एकच होतं. एकीला चक्कर आली तेव्हा सावली दुसरीच्याच कापडाची होती. एकटीदुकटी मुलगी पायऱ्या उतरत असताना वाटेवर चार बाया टोपल्या घेऊन बसलेल्या असणं, यापेक्षा मोठी सुरक्षितता कुठला फलक देणार आहे? या बाया उठवल्या तर गड स्वच्छ होईल की नाही ठाऊक नाही, पण बाईसाठी तो जास्त निर्मनुष्य नक्की होईल.

तेव्हा मागण्या एकत्रच करू या. वाटेच्या सुरुवातीला पाण्याची सोय असलेलं, उघडं राहणारं स्वच्छतागृह हवं, आणि ते साफ ठेवणाऱ्या व्यक्तीला रीतसर नोकरी आणि पगार हवा, जातीनं लादलेलं फुकटचं काम नको. गडावर माल विकणाऱ्या गावातल्या बायांची यादी ग्रामसभेत व्हावी, त्यांना ठरलेल्या जागा आणि ओळखपत्रं मिळावीत, कचरा परत खाली नेण्याची अट त्यांच्यावरही घालावी आणि पर्यटकांवरही. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं आपल्या राज्यात कायद्यानं बंधनकारक आहे. तिथं हा विषय पहिला यावा. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, त्या सदस्यांनी तो लावून धरावा. गडाबद्दल निर्णय घेणाऱ्या समित्यांत या बायांची प्रतिनिधी हवी. आणि माहितीच्या फलकावर जिऊबाईचं नाव हवं.

आपल्याकडूनही काही हवं. मावळातल्या गटांनी या विक्रेत्या बायांशी बोलणं सुरू करावं. शहरातल्या गटांनी वर्षातून एकदा तरी, कुठलंही कारण न देता, डोंगर चढावा. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याचा उपयोग फक्त माहेरच्या दुखण्याबाणण्यासाठी आणि सासरच्या लग्नकार्यांसाठीच व्हावा असं थोडंच आहे? आणि वर गेल्यावर काकडीच्या भावात घासाघीस करू नये.

पुढच्या खेपेला आम्ही पुन्हा लोहगडला जाणार आहोत. ठरलं आहे असं की, आमच्यातल्या दोघी पायरीवर टोपल्याजवळ बसतील, काकडी विकतील, हिशोब ठेवतील. आणि मावशी आमच्याबरोबर विंचूकाट्यावर येईल. येते म्हणाली आहे. "पन कशाला?" असंही तिनं विचारलंच. आम्ही सांगितलं, "उगाच."